ही नोट १९२३ ची नव्हे

जर्मनीतील एखाद्या खेड्याने छापलेली चिमुकली रंगीत नोट समाजमाध्यमांवर फिरू लागते आणि तिच्याखाली ठरलेली कहाणी येते: १९२३ ची महागाई, एका पावासाठी हातगाडीभर पैसे, उपाशी जनता आणि मग हिटलर. नोट खरी असते, महागाईही खरी. दोहोंची घातलेली सांगड मात्र खोटी आहे. निदान नोटेवरचा आकडा तरी वाचावा! तेथे बहुधा २५ किंवा ५० फेनिग असतात. फेनिग म्हणजे मार्काचा शंभरावा हिस्सा. महायुद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. त्या दिवसांत पन्नास फेनिगची नोट काढण्याची बुद्धी कोणत्या गावाला झाली असती?

या चलनाचे नाव ‘नोटगेल्ट’. यातील ‘नोट’ आपली नोट नव्हे. जर्मन भाषेत तिचा अर्थ निकड. १९१४ मध्ये युद्ध पेटताच लोकांनी नाणी दडवली, पुढे तांबे आणि निकेल युद्धसामग्रीकडे वळले, आणि सुट्ट्या पैशांसाठी नगरपालिकांना व कारखान्यांना कागद छापावा लागला. (त्याच युद्धात चांदीच्या टंचाईपायी १९१७ साली आपल्याकडे एक रुपयाची नोट आली.) येथवर निकड खरी होती.

१९२० नंतर तिचा धंदा झाला. संग्राहक या कागदांवर तुटून पडतात हे पाहून गावे संचच्या संच काढू लागली. संग्राहक नोट विकत घेई, वहीत जपून ठेवी. मुदतीत ती परत आली नाही, की रक्कम गावाच्या तिजोरीतच राही. बिनव्याजी कर्ज म्हणावे तर फेडण्याचीही चिंता नाही! मेक्लेनबुर्गमधील ७० गावा-शहरांनी १९२१ मध्ये लेखक फ्रिट्झ रॉयटर यांच्या नावे सामाईक मालिकाच काढली: प्रत्येकाच्या १०, २५ आणि ५० फेनिगच्या तीन नोटा. हामेलनने आपला बासरीवाला विकला. अखेर जुलै १९२२ मध्ये कायदा करून हा बाजार थांबवावा लागला. पुढे महागाईने पुन्हा नोटगेल्ट छापायला लावले; पण त्या नोटा घाईच्या, बहुतांशी रूक्ष आणि शून्यांनी भरलेल्या. त्या सहसा कोणी कौतुकाने दाखवीत नाही.

सालाचा हा घोळ निरुपद्रवी आहे, असे कोणी समजू नये. त्या गोंडस संचांत गमावलेल्या वसाहतींचे उमाळे आहेत, तोडलेल्या प्रदेशांबद्दलचा त्वेष आहे, आणि काही नोटांवर ज्यूंची ओंगळ व्यंगचित्रेही आहेत. त्यांवर १९२३ ची चिठ्ठी डकवली, की तो द्वेष भुकेच्या माथी मारता येतो. प्रत्यक्षात ती चित्रे सवडीने निवडली गेली, चित्रकारांकडून काढून घेतली गेली, गावाच्या नावाने छापली गेली आणि गिऱ्हाइकांनी ती हौसेने विकत घेतली. लाख कोटींचा मार्क तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.