दारापुढचा कट्टा

गडहिंग्लजच्या जुन्या वस्तींतून फिरणारास अजूनहि कांहीं घरांपुढें दगडी कट्टा आढळतो. घराच्या जोत्याचाच तो पुढें आलेला भाग. हात-दीड हात उंच आणि दोन माणसें मांडी घालून बसतील एवढा रुंद. मागें सोपा, पुढें गल्ली. ती जागा घराच्या मालकीची खरी, पण बसण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. नव्या घराचा नकाशा काढतांना सर्वांत आधीं तीच वगळली जाते. तिच्या जागीं लोखंडी शटरचा गाळा येतो, नाहीं तर मोटारीसाठीं उंच भिंत व फाटक. हा फरक केवळ गवंड्याच्या कामाचा आहे असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं.

कट्ट्यावर काय चालतें तें पाहावें. सकाळीं सडा-रांगोळी झाली कीं म्हातारीं माणसें उन्हाला येऊन बसतात. भाजीची पाटी तेथेंच उतरते व भावाची घासाघीस तेथेंच होते. सुगीनंतर भुईमुगाच्या शेंगा फोडावयाच्या असोत, कीं मिरच्यांचे देंठ मोडावयाचे असोत, चार घरच्या बायका एका कट्ट्यावर जमतात. काम हातांचें असतें, तोंडें मोकळींच असतात. रविवारीं आठवड्याच्या बाजारास आलेला खेडूत ओझें टेकवून घोटभर पाणी मागतो तोहि याच ठिकाणीं. ज्येष्ठी पौर्णिमेस कर्नाटकी बेंदूर येतो, तेव्हां रंगविलेल्या शिंगांचे बैल पाहण्यास लहान मुलांना याहून चांगली व सुरक्षित जागा नाहीं.

आमच्या तालुक्याची शीव कर्नाटकास भिडलेली आहे. जिच्या नांवानें आमच्याकडील जवारी मिरची ओळखली जाते तें संकेश्वर १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां, त्या वेळच्या म्हैसूर राज्यांत गेलें. राज्यें दोन झालीं. बाजाराचे पाय मात्र जुन्याच वाटेनें चालत राहिले. कट्ट्यावरील आजी शेजारणीशीं मराठींत बोलते आणि मिरची घेऊन आलेल्या बाईस ‘बर्री’ म्हणून बसावयास सांगते. हें ऐकत वाढलेल्या मुलास दुसरी भाषा शिकविण्यास मास्तर ठेवावा लागत नाहीं. फाटकाच्या आंत वाढणाऱ्या मुलास ती कोठून यावी?

हा प्रकार आमच्याच गांवीं घडत आहे असें नव्हे. अमेरिकेंतील लहान शहरांत घरापुढें लांकडी ओसरी असे व संध्याकाळीं शेजारी तेथें बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशीं बोलत. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें घरोघर मोटार झाली, दूरचित्रवाणी आली, नवीं घरें गांवाबाहेर पसरलीं आणि लोक पुढची ओसरी सोडून मागच्या अंगणांत बसूं लागले. १९५६ साली राजमार्गांचा मोठा कायदा झाला आणि वर्दळ व व्यापार हीं दोन्ही गांवच्या मुख्य रस्त्यावरून बाहेरच्या हमरस्त्याकडे वळण्यास आणखी जोर मिळाला. १९६१ साली जेन जेकब्ज या न्यूयॉर्कमध्यें राहणाऱ्या लेखिकेनें अमेरिकेंतील शहरांवर ग्रंथ लिहिला. रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसामुळें नव्हे, तर त्याजकडे सहज लक्ष असणाऱ्या रहिवाशांच्या व दुकानदारांच्या डोळ्यांमुळें, असें तिचें म्हणणें. आमच्या गल्लींतील कोणतीहि आजी हें ग्रंथ न वाचतां सांगेल.

याचा अर्थ जुनी गल्ली सर्वथा चांगली होती असा कोणी घेऊं नये. कट्टा सर्वांचा होता असें आज आपण मोठ्या प्रेमानें म्हणतों. परंतु कोणी वर बसावें, कोणी खालीं उभें राहावें आणि कोणास पाणी वरून ओतावें, याचे कठोर नियम त्याच गल्लींत पाळले जात. १९१९ साली शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत सार्वजनिक ठिकाणीं अस्पृश्यता पाळूं नये असे हुकूम काढले. ते काढावे लागले, यांतच त्या काळची स्थिति दिसून येते. शिवाय त्या पहाऱ्याच्या डोळ्यांचा जाच सुनांना आणि शिकणाऱ्या मुलींना किती होई, हें त्यांनाच विचारावें. आम्हांस कट्टा हवा आहे. त्यावरचे जुने नियम नकोत.

कोणी म्हणेल, वाहनें वाढलीं, रस्ता रुंद नको काय? अवश्य हवा. जो कट्टा गटारावर वा सार्वजनिक रस्त्यावर आला असेल तो निघावा, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण रुंद झालेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंस दुचाक्या उभ्या राहतात आणि मुलांच्या चेंडूस पूर्वींएवढीहि जागा उरत नाहीं. ज्या गांवास फुटबॉलचें एवढें वेड, त्या गांवच्या मुलांनीं पहिला चेंडू कोठें मारावा, याचाहि विचार व्हावयास नको काय?

पावसाळ्यांत हिरण्यकेशी फुगली कीं भडगांवचा पूल पाण्याखालीं जातो. २०१९ च्या ऑगस्टांतील महापूर तर पुष्कळांच्या स्मरणांत असेल. अशा रात्रीं कोणत्या घरांत आजारी माणूस आहे आणि कोणाचा मुलगा परगांवीं आहे, ही माहिती कोणत्याहि कचेरींत लिहिलेली नसते. ती कट्ट्यावर बसणारांजवळ असते, आणि तीहि रोजच्या बोलण्यांतूनच जमलेली असते.

म्हणून घर बांधावयास काढलेल्या पालकांस आमची विनंति आहे कीं, आपल्याच हद्दींत, फाटकाच्या बाहेरच्या अंगास, दोन हात रुंदीचा कट्टा सोडावा. खर्च थोड्या दगडांचा व सिमेंटाचा आहे. विद्यार्थ्यांनीं दिवाळीच्या सुटींत आपापल्या गल्लींतील राहिलेले कट्टे मोजावे, गेलेला कोणाच्या दारापुढें होता व कोणत्या सालीं निघाला हें आजी-आजोबांस विचारून वहींत टिपून ठेवावें. ही टिपणें आमच्याकडे आलीं, तर पुढील अंकांत त्यांना जागा देण्यास आम्हांस आनंदच वाटेल.