बिंदूच्या आधीचे जंगल

अमूर्त चित्रासमोर उभे राहिल्यावर आपल्याकडे सामान्यतः दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. पहिला, 'यात काय आहे? असे तर माझा धाकटा भाऊही काढील!' आणि दुसरा, 'वा! फारच खोल आहे!' पहिला उद्गार काढणाऱ्याला चित्राचा राग आलेला असतो. दुसरा काढणाऱ्याला आपले अज्ञान उघडे पडण्याची धास्ती असते. चित्राकडे नीट पाहिलेले मात्र दोघांनीही नसते. या दोघांत आणखी एका तिसऱ्याची भर घालायला हवी. तो स्वतः चित्रे काढतो. रेखाटनावर त्याचा हात बसलेला नसतो, माणसाचे बोट काढायला जावे तर त्याची भेंडी होते. मग तो कागदावर रंग उधळतो आणि खाली 'अमूर्त' असे लिहून मोकळा होतो. अमूर्त कलेचे खरे नुकसान पहिल्या दोघांपेक्षा या तिसऱ्यानेच अधिक केले आहे, असे मला वाटते.

चित्रकला हा माझ्या परीक्षेचा विषय नाही. मी कला शाखेचा, म्हणजे भाषा आणि इतिहास शिकणारा विद्यार्थी आहे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण 'अमूर्त' हा शब्द आपण कवितेच्या तासालाही ऐकतो आणि तिथेही त्याचा अर्थ 'न कळणारे' असाच घेऊन पुढे जातो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: अमूर्तता ही चित्रकाराची सुरुवात नसते, बरीच वाट चालून गाठलेला तो एक मुक्काम असतो. आणि पुष्कळदा ती वाट एखाद्या खऱ्याखुऱ्या, पायाखालच्या भूमीतून निघते. हे पटवून देण्यासाठी सय्यद हैदर रझा यांच्यासारखे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. त्यांची वाट तर आपल्यासारख्याच जंगलातून निघाली होती.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया या गावी झाला. मंडला तेव्हा मध्य प्रांतात होते आणि आपला चांदा जिल्हाही त्याच प्रांतात होता. गोंड राजांची एक गादी गढा-मंडल्याला, तर दुसरी चांद्याला. साग, बांबू, मोह, आठवडी बाजार आणि रात्री लांबून ऐकू येणारा ढोल, हे सारे तिकडेही असेच. रझांचे वडील जंगल खात्यात डेप्युटी रेंजर होते. आपल्या वर्गांतून जंगल खात्यातील गार्डची, रेंजरची, लाकूड डेपोवरील मजुरांची मुले किती आहेत हे वेगळे सांगायला नको. त्या मुलांपैकीच एकाची ही गोष्ट आहे असे समजून पुढे वाचावे.

लहानपणीच्या जंगलाविषयी रझा पुढे अनेकदा बोलले. रात्रीच्या अंधाराचे त्यांना फार भय वाटे. गोंडांचे नाच सुरू झाले की तेवढा माणसांचा आधार वाटे. सकाळ होऊन बाजार भरला की रंग दिसू लागत आणि जीव भांड्यात पडे. एटापल्लीच्या किंवा भामरागडच्या बाजूला वीज गेलेल्या रात्री ज्याने काढल्या आहेत, त्याला या भयाचा खुलासा करून सांगण्याची गरज नाही. त्यांची दुसरी आठवण शाळेतली. पोराचे लक्ष कशातच लागत नाही हे पाहून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. ही आठवण सांगून पुष्कळ लोक थांबतात आणि म्हणतात, 'पाहा, बिंदू तिथेच सापडला!' माझा आक्षेप नेमका इथे आहे. ठिपका आठव्या-दहाव्या वर्षी दिसला असेल. तो कॅनव्हासवर आला तेव्हा रझांचे वय साठीला टेकले होते. मधली पन्नास वर्षे कुठे गेली?

ती वर्षे शिकण्यात गेली. १९३९ ते १९४३ रझा नागपूरच्या चित्रकला विद्यालयात होते. त्यानंतर मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९४७ पर्यंत. मुंबईत पोटासाठी त्यांनी ब्लॉक बनविणाऱ्या स्टुडिओत नोकरी केली आणि फावल्या वेळात रस्त्यांची, पावसाची, गर्दीची जलरंगातील चित्रे काढली. १९४७ साली सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि आपल्या विदर्भाचे ह. अं. गाडे यांच्याबरोबर त्यांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. त्याच सुमारास एका वर्षाच्या अंतराने आई आणि वडील दोघेही गेले. फाळणीनंतर भावंडांपैकी बहुतेक पाकिस्तानात गेली. रझा इथेच राहिले.

१९४८ साली काश्मीरमध्ये त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. त्यांनी चित्रे पाहून सांगितले, की हाती गुण आहे पण रचना नाही. सेझानचा अभ्यास करा. दुसरा एखादा तरुण अशा बोलण्याने रुसून बसला असता. रझा फ्रेंच शिकले, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळविली आणि १९५० साली पॅरिसला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले. तिथे १९५३ पर्यंत त्यांनी कलाशिक्षण घेतले. त्या काळातील त्यांच्या चित्रांत दक्षिण फ्रान्समधील गावे दिसतात: चौकोनी घरे, उतरती छपरे, वर काळा किंवा लाल सूर्य. सारे मोजूनमापून बांधलेले. १९५६ साली त्यांना तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

इथे थांबले असते तरी त्यांचे नाव झाले असते. पण घरे हळूहळू विरघळू लागली. १९६२ साली ते शिकविण्यासाठी अमेरिकेत बर्कलीला गेले, तिथे मार्क रॉथको आदींची चित्रे पाहिली. पुढे तैलरंगांऐवजी ॲक्रिलिक हाती घेतले, कुंचला अधिक मोकळा झाला. छप्पर, खिडकी, झाड ही नावे गळून पडली आणि उरला तो नुसता रंगांचा कल्लोळ: काळोखातून उसळणारा तांबडा, पिवळा, हिरवा. १९७२ च्या 'तपोवन'सारख्या चित्रात एकही झाड बोट ठेवून दाखविता येत नाही, पण जंगलातील रात्र ज्याने अनुभवली आहे तो ते जंगल ओळखल्यावाचून राहणार नाही. अमूर्त म्हणजे काय, याचे इतके सोपे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. वस्तू निघून गेली आणि तिने मनावर केलेला आघात तेवढा राहिला.

तरीही रझा स्वस्थ नव्हते. कीर्ती होती, पैसा होता, पण ही चित्रे आपली किती आणि पॅरिसची किती, हा प्रश्न त्यांना सतावीत होता. ते वारंवार भारतात येऊ लागले. अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात पाहू लागले. आणि १९८० च्या सुमारास कॅनव्हासवर तो काळा बिंदू आला. १९८१ च्या 'माँ' या चित्रात त्याच्या सोबतीला अशोक वाजपेयी यांच्या हिंदी कवितेची ओळ देवनागरीत लिहिलेली आहे. आयुष्यातील साठ वर्षे पॅरिसमध्ये काढून २०१० च्या अखेरीस रझा भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या कबरीजवळ त्यांना दफन करण्यात आले.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. रझांची सगळीच बिंदूचित्रे मला सारखी भावत नाहीत. उत्तरायुष्यात बिंदू, त्रिकोण आणि वर्तुळे इतक्या वेळा आली, की काही ठिकाणी त्यांची नक्षी झाली आहे. शोध संपला की खूण उरते, आणि खुणेचे छापील कॅलेंडर व्हायला वेळ लागत नाही. म्हणूनच आज जो विद्यार्थी मोबाईलच्या पडद्यावर रझांचा बिंदू पाहून आपल्या कागदावर काळे वर्तुळ काढतो, त्याच्याविषयी मला वाईट वाटते. त्याने मुक्काम उचलला. वाट मात्र तिथेच राहिली.

यावर कोणी म्हणेल, की अमूर्ताला भूमी लागते हा तुमचा हट्ट आहे, गायतोंड्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ सालचा, आणि तोही नागपूरचाच. घराणे गोव्याचे, शिक्षण जे. जे.चे. त्यांच्या चित्रांत ना जंगल सापडते, ना गाव. 'अमूर्त' हा शब्दसुद्धा त्यांना मान्य नव्हता. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत असे ते म्हणत. पण त्यांनीही आधी माणसे रेखाटली, भारतीय लघुचित्रांचा अभ्यास केला, पाउल क्ले समजून घेतला, झेन विचार पचविला. रोलर आणि सुरी घेऊन रंगाचे थर चढवीत नि खरवडीत त्यांचे काम चाले, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. २००१ साली ते गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले. म्हणजे वाट निराळी, पण आखूड नव्हे. रझांनी जंगल उकळून उकळून त्याचा अर्क काढला. गायतोंड्यांनी सारे नाकारीत जाऊन शांतता गाठली. दोघांनाही उधार घेतलेल्या मुक्कामावर राहता आले नसते.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. रझांच्याच मंडला जिल्ह्यात तेव्हा असलेल्या पाटणगढचा जनगढसिंह श्याम हा प्रधान गोंड तरुण. १९८१ साली ज. स्वामीनाथन यांच्या चमूला तो सापडला, भोपाळच्या भारत भवनात आला, आणि मातीच्या भिंतीवरचे देव नि प्राणी त्याने ठिपक्या-रेषांनी कागदावर उतरविले. १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. एक जण जंगलातून पॅरिसला जाऊन ठिपक्यापाशी परत आला; दुसरा ठिपके घेऊनच पॅरिसला पोहोचला. दोघांनाही सारखेच मोठे म्हणायला आपण कचरू नये.

हे सारे आपल्या महाविद्यालयाच्या अंकात कशासाठी? त्याला कारण आहे. काही दिवसांपूर्वी एका चित्रकला स्पर्धेला 'आमचे अरण्य' असा विषय होता. अपेक्षेप्रमाणे बहुतेकांनी ताडोबाचा वाघ काढला. काहींनी डोंगर, सूर्य, झोपडी आणि नदी. धानोरा तालुक्यातील एका मुलीने मात्र कागदभर लहान लहान आकारांच्या ओळी काढल्या होत्या. एका बाजूला हिरव्या, पुढे पुढे तपकिरी होत गेलेल्या, आणि एका कोपऱ्यात नुसता काळपट डाग. 'हे काय काढले?' म्हणून परीक्षकांनी विचारले. ती म्हणाली, 'तेंदूपत्त्याची फळी आहे, सर.' सभोवतालचे हसले. डाग कसला, हे कोणी विचारले नाही. मी नंतर विचारले, तेव्हा म्हणाली, 'त्या साली पाऊस आला ना, तवाची पुडके.' एका पुडक्यात सत्तर पाने, ती मोजून बांधायची, फळीवर ओळीने वाळत घालायची, आणि अवकाळी पावसाने ती काळी पडली की उन्हातान्हातली मेहनत वाया जायची. हे जिच्या बोटांना ठाऊक होते, तिने ते बोटांनीच कागदावर मांडले. तिला उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळाले नाही. वाघ तिने पाहिला नसेल असे नाही. पण अरण्य म्हणताच तिला जे आठवले, ते वाघाहून खरे होते.

ती मुलगी रझा होईल की नाही, हा प्रश्नच नाही. ती पुढच्या वेळी वाघ काढील की काय, ही माझी काळजी आहे. आपल्याकडे इयत्तावार परीक्षांतून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र शिकविले जाते. ते शिकविलेच पाहिजे. हात तयार झाल्यावाचून काही होणार नाही. पण शिकविताना आपण मुलांना नकळत असेही शिकवितो, की जंगल म्हणजे निसर्गचित्र, आणि निसर्गचित्र म्हणजे कॅलेंडरवरचे. आलापल्लीच्या डेपोतील क्रमांक घातलेले सागवानाचे ओंडके, धानाच्या बांध्यांची चौकट, उन्हाळ्यात आटत गेलेल्या मामा तलावाच्या कडा, भामरागडकडे माडिया लोकांनी मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड, घुग्घूस-दुर्गापूरकडील कोळशाच्या खाणींभोवती वाढत चाललेले मातीचे डोंगर: हे सारे पाहणारे डोळे आपल्या बाकांवर बसलेले आहेत. यातील काही दृश्ये आणखी वीस वर्षांनी राहतील याचीही खात्री नाही. ती पाहिलेली माणसेच ती मागे ठेवू शकतील.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. प्राध्यापकांना विनंती, की स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात चित्राखाली बक्षिसाच्या क्रमांकाऐवजी विद्यार्थ्याच्या चार ओळी लावाव्यात: काय पाहिले, कुठे पाहिले, आणि त्यातले काय गाळले. ज्याने काहीच पाहिले नाही त्याला चार ओळीही लिहिता येणार नाहीत, आणि सुरुवातीला सांगितलेला तो तिसरा आपोआप ओळखू येईल. आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एवढेच सांगणे, की कोणाच्या चित्रासमोर 'यात काय आहे?' असा प्रश्न मनात आला तर तो जरूर विचारा. तो वाईट प्रश्न नाही. फक्त विचारून झाल्यावर उत्तर मिळेपर्यंत हसू नका.