उसाच्या प्लास्टिकचा हिशेब

पेट्रोलियमवाचून प्लास्टिक होणेच शक्य नाही, असे ठासून सांगणारे बरेच भेटतात. इतिहास त्यांच्या बाजूने नाही. दादासाहेब फाळक्यांचा 1913 सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फितीवर चित्रित झाला, ती सेल्युलॉइडची होती. सेल्युलॉइड म्हणजे वनस्पतींतल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून त्यात कापूर मिसळलेला पदार्थ. बालगंधर्वांची पदे घरोघर पोचवणाऱ्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या. ती लाख पळस-कुसुमाच्या झाडांवरचे किडे तयार करतात. सेल्युलॉइड भडकन पेट घ्यायचे, लाखेची तबकडी हातातून पडली की फुटायची, हे खरेच. पण जमिनीवरच्या जिवांपासून प्लास्टिक होत होते आणि त्यावर उद्योग उभे होते, हेही तितकेच खरे. पुढे तेल स्वस्त झाले आणि या वाटेवरचे संशोधन मागे पडले.

आता याच्या अगदी उलट दावा जोरात आहे. ऊस लावा, त्याचे प्लास्टिक करा. तेलाची आयात घटेल, शेतकऱ्याला भाव मिळेल आणि नाल्यांतला कचराही संपेल! ब्राझीलमध्ये त्रिउन्फो इथे ब्रास्केम कंपनी 2010 पासून उसाच्या इथेनॉलचे पॉलिथीन मोठ्या प्रमाणावर बनवते आहे. आपल्याकडे जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये जैवपॉलिमरचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. तंत्राबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो हिशेबाचा, आणि हा हिशेब सभा-भाषणांत कोणी मांडत नाही.

तो असा. 46 किलो इथेनॉलमधून पाण्याचा अंश काढला की 28 किलो इथिलीन मिळते, तेही वाटेत काहीच वाया गेले नाही तर. म्हणजे एक टन पॉलिथीनला दोन हजार लिटरहून जास्त इथेनॉल लागते. टनभर उसाच्या रसातून साधारण 70 लिटर निघते. एक टन पॉलिथीनसाठी तीस टन ऊस! देशात वर्षाला सुमारे 45 कोटी टन ऊस पिकतो. साखरेचा एक दाणाही न करता तो सगळा या कामी लावला तरी दीड कोटी टन प्लास्टिक होईल, आणि देशाची वर्षाची गरज त्याहून मोठी आहे. शिवाय पाण्याचे काय? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. मराठवाड्यात उसाचे मळे वाढत गेले आणि विहिरी खोल जात राहिल्या, हे तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. प्लास्टिकसाठी आणखी ऊस लावा म्हणणाऱ्याने पाणी कुठून आणणार ते आधी सांगावे.

कचरा संपेल हा दावा तर त्याहून कच्चा. उसाच्या पॉलिथीनचा रेणू आणि तेलाच्या पॉलिथीनचा रेणू एकच आहे; उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटात दोन्ही सारखेच अडकतात. पीएलए हे लॅक्टिक आम्लापासून केलेले प्लास्टिक कुजते, मान्य. पण ते कुजवायला खतप्रकल्पातली 58 अंशांच्या आसपासची ऊब लागते. ती मिठी नदीत नाही आणि अरबी समुद्रातही नाही. उलट पीएलएची बाटली भंगारात पेटच्या बाटल्यांत मिसळली, तर नजरेने वेगळी ओळखता येत नाही. ती पेटच्या कितीतरी आधी वितळते आणि अख्खा माल नासवते. तो भुर्दंड शेवटी कचरावेचक बाईच्या मजुरीतून वसूल होतो, याची मला खरी चीड आहे.

म्हणून पर्याय सोडून द्यावा असे मी मुळीच म्हणत नाही. तो निवडताना आधी कच्चा माल पाहावा आणि मग वस्तू किती दिवस वापरली जाणार ते पाहावे. एरंडीच्या तेलापासून नायलॉन-11 होते. त्याच्या नळ्या ट्रकच्या ब्रेकमध्ये वर्षानुवर्षे टिकतात. एरंड कमी पाण्यावर येतो, कोणाच्या ताटातले अन्न हिरावून घेत नाही, आणि जगातली बहुतांश एरंडी आपल्याच देशात, मुख्यतः गुजरातेत पिकते. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहतात त्या आखूड तंतूंपासून सेल्युलोज अ‍ॅसिटेट करता येते. चष्म्याच्या चांगल्या फ्रेम याच पदार्थाच्या असतात. विदर्भात सरकीला तोटा नाही. मळीचे इथेनॉलही चालेल, कारण त्यासाठी जास्तीचा एक एकरही ऊस लावावा लागत नाही. कुजणारे प्लास्टिक ओल्या कचऱ्याच्या पिशव्यांना द्यावे, तेही जिथे खतप्रकल्प खरोखर चालू आहे तिथेच. सरकारी अनुदान याच क्रमाने मिळावे. पाच मिनिटांत फेकायच्या कपाला ते एक रुपयाही मिळता कामा नये, मग तो कप कशाचाही असो.

साखर कारखान्यांच्या सभासदांना माझी कळकळीची विनंती आहे. वार्षिक सभेत प्लास्टिक प्रकल्पाचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी संचालकांना विचारा: कच्चा माल आहे त्या उसाच्या मळीतून येणार की नव्या लागवडीतून? आणि वापरून झालेली वस्तू गोळा कोण करणार? दोन्हींची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.