हाकेसरशी हजर

दिवाळीच्या फराळाचे एक जुने शास्त्र आहे. चकलीची भाजणी मळायला घेतली, की घरात तीळ नाहीत हे कळते. पूर्वी अशा वेळी घरातल्या धाकट्या चिरंजिवांच्या हाती पिशवी देऊन त्यांना वाण्याकडे पिटाळीत. चिरंजीव वाटेत फटाक्यांच्या दुकानापुढे रेंगाळत, आणि स्वयंपाकघरात तोवर त्यांचा उद्धार चालू असे. आता गृहिणी पिठाचा हात पुसते, मोबाइलवर बोट ठेवते, आणि कढईतले तेल तापते न तापते तोच दाराची घंटा वाजते. सोय मोठी आहे. ती नाकारण्याचा आव मी आणणार नाही. यंदा आमच्या घरचे तीळही असेच आले.

पण वाचकहो, तीळ घेऊन येणाऱ्या त्या माणसाविषयी आपल्याकडे दोनच मते तयार असतात. कनवाळू मंडळी म्हणतात, ‘बिचारा! काय ही वेळ आली त्याच्यावर!’ आणि व्यवहारी मंडळी म्हणतात, ‘या पोरांना टिकून नोकरी करायला नको, दुसरे काय?’ दोन्ही मते त्याला न विचारता बनवलेली आहेत. तो दारात उभा असतो जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात विचारणार तरी काय?

आणि अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. नीती आयोगाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२०-२१ मधली त्यांची संख्या ७७ लाख धरली होती, आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज केला होता. खाणे पोचवणारे, सामान पोचवणारे, टॅक्सी-रिक्षा चालवणारे, घरी येऊन केस कापणारे, नळ दुरुस्त करणारे, असे सारे त्यात आले. इतक्या माणसांवर एकाच वेळी ‘वेळ आली’ असे म्हणून भागणार नाही. त्यांनी हे काम निवडले आहे. का निवडले, हे पाहायला हवे.

या कामाला ‘गिग’ म्हणतात. अमेरिकेतल्या जॅझ वादकांच्या बोलीतला हा शब्द. एका रात्रीचा कार्यक्रम, एका रात्रीचे पैसे. मराठीच्या मास्तराला यात नवल वाटत नाही. आमच्या तमाशाचे फड सुपारी घेतच आले, गवयी बिदागी घेतच आले. ‘रोजंदारी’, ‘उक्ते’, ‘बदली’ हे शब्द काही कालपरवा जन्मलेले नाहीत. काम तेच, हाक मारणारा तेवढा बदलला.

माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थी आहे. सकाळी तो तासांना बसतो, आणि दुपारनंतर पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून दुचाकीवर निघतो. त्याआधी तो कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात विक्रेता होता. तिथे महिन्याचा पगार होता, डोक्यावर पंखा होता. मी विचारले, ‘‘मग सोडलंस का?’’

तो म्हणाला, ‘‘सर, परीक्षेची सुट्टी मागितली की साहेब दोन दिवस तोंड वाकडं करून फिरायचे. इथं फोन बंद केला की सुट्टी. कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.’’

हे उत्तर क्षुल्लक नाही. ज्याने कधी कुणाच्या मिनतवाऱ्या केल्या आहेत, त्याला त्याचे मोल कळेल. शिवाय इथे वशिला लागत नाही, मुलाखत लागत नाही. वाहन, परवाना आणि मोबाइल असला की दोन-चार दिवसांत काम सुरू होते. पैसे बहुधा आठवड्याला हाती येतात. पहिल्या पगारासाठी महिनाभर उधारीवर काढावा लागत नाही. नोकरी सुटलेल्या माणसाला, फीची तारीख जवळ आलेल्या मुलाला, घरचे आजारपण निस्तरणाऱ्याला ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आमच्या शेजारी एक बाई सौंदर्योपचारासाठी येतात. त्यांचेही बोलावणे मोबाइलवरूनच जाते. त्यांची हकिगत अशीच. पार्लरमधल्या नोकरीपेक्षा मिळकत बरी आहे, आणि मुलीच्या शाळेची वेळ सांभाळून काम घेता येते, असे त्या समाधानाने सांगतात. मात्र त्याच दमात म्हणाल्या, ‘‘पार्लरात गिऱ्हाईक नसलं तरी बसल्याचा पगार चालू असायचा, ताई. आता गिऱ्हाईक नसलं, तर मी नुसती बसलेली.’’

या वाक्यात साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे, असे मला वाटते. तेच माझ्या विद्यार्थ्याच्या वहीतही सापडले. तो रोजचा हिशेब लिहितो. पहिल्या रकान्यात मिळकत, दुसऱ्यात पेट्रोल, आणि तिसऱ्याला मथळाच नाही, नुसते आकडे. ‘‘हे काय रे?’’ म्हणून विचारले, तर म्हणाला, ‘‘ही थांबल्याची मिनिटं, सर. दुकानाबाहेर ऑर्डर येईपर्यंतची, हॉटेलात डोसा तयार होईपर्यंतची, आणि सोसायटीच्या गेटवर वॉचमन वर फोन लावेपर्यंतची.’’

‘‘यांची बेरीज करतोस का?’’

‘‘पहिल्या महिन्यात केली होती. मग सोडली. बेरीज बघितली की गाडी काढावीशी वाटत नाही.’’

त्या वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या सत्राची फी लिहून ठेवलेली आहे. पोराला एम. ए. करायचे आहे. रात्री जादा रकमेची दोनच ऑर्डरी राहिल्या असल्या, की तो त्या पुऱ्या करतो आणि सकाळच्या पहिल्या तासाला पेंगतो. पाऊस पडला की दर वाढतो आणि रस्ता निसरडा होतो, दोन्ही एकदमच. ऑर्डर नाकारण्याची मुभा आहे. पण नाकारल्याची नोंद कुठेतरी होते, आणि पुढचे काम कमी झाले तर का झाले हे सांगायला कुणी नसते. गिऱ्हाइकाने रागाच्या भरात एक तारा दिला, तर त्याची दाद कुठे मागायची? ज्या साहेबाचे वाकडे तोंड त्याने टाळले, त्याला निदान तोंड तरी होते!

म्हणजे माणसे या कामाला स्वातंत्र्यासाठी येतात, आणि ते स्वातंत्र्य अगदीच खोटे नाही. त्याची किंमत मात्र थांबलेल्या मिनिटांत चुकती होते. आपल्या घरी दहा मिनिटांत कोथिंबीर येते, ती काही गाडीच्या वेगामुळेच नव्हे. आपण मागण्याआधीच कुणीतरी दुकानाबाहेर वाट पाहत उभा असतो, म्हणून येते. आपली वाट पाहणे संपले, कारण ते दुसऱ्याच्या वाट्याला गेले.

आता जुन्या बलुतेदारीकडे पाहा. गावच्या सुताराला, कुंभाराला सुगीच्या वेळी धान्याचा वाटा मिळे. औत किती वेळा मोडले याची मोजदाद नसे. सुतार गावात हजर आहे, याचेच ते देणे होते. हजर राहण्याला मोल असते, हे गावाला ठाऊक होते. पण त्या व्यवस्थेची थोरवी गाण्याचे कारण नाही. तिला जातीची बेडी होती; काम नाकारणे आणि गाव सोडून जाणे सोपे नव्हते. बलुतेदाराला थांबण्याचा मोबदला होता, पण मुभा नव्हती. आजच्या या तरुणाला मुभा आहे, पण थांबण्याचा मोबदला नाही. दोन्ही एका माणसाच्या पदरात पडायला काय हरकत आहे?

हरकत नाही, याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. गिरणगावात बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी येऊन उभे राहत. कायम कामगाराने खाडा केला तर त्या दिवशी काम, नाही तर आल्या पावली परत. त्या उभे राहण्याने किती संसारांना घोर लावला, हे लालबाग-परळच्या जुन्या माणसांना विचारावे. मस्जिद बंदरच्या बाजारात माथ्यावर ओझी वाहणाऱ्यांचीही तीच गत होती. माल आला की हाक. आणि व्यापारी म्हणणार, हा काही माझा नोकर नव्हे! पण अण्णासाहेब पाटलांनी त्या माणसांना संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. कामगारांची नोंद मंडळाकडे झाली. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर वर लेव्ही भरायची, आणि त्यातून मंडळाने भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी पाहायचे. काम हाकेचेच राहिले, धनी अनेकच राहिले. तरी माणूस वाऱ्यावर राहिला नाही.

या नव्या कामगारांसाठी राजस्थानने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीचे १ ते २ टक्के, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या आत, कल्याणनिधीत भरावेत अशी तिच्यात तरतूद आहे. विमा, आजारपण, म्हातारपण यांची सोय त्यातून व्हायची आहे. पाऊल चांगले आहे. पण वहीतला तिसरा रकाना त्याने भरत नाही. त्या बाबतीत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या खटल्यात नेमके बोट ठेवले. चालक आपल्या हद्दीत अ‍ॅप चालू ठेवून भाडे घ्यायला तयार बसला असेल, तर तो त्या वेळी कामावरच आहे, असा निकाल त्याने दिला. थांबणे हेही काम आहे, एवढे एक वाक्य मान्य व्हायला न्यायालयाच्या शेवटच्या पायरीपर्यंत जावे लागले.

आणि हे सारे केवळ दुचाकीवाल्यांचे आहे असेही कुणी समजू नये. आमच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण सहकारी आहेत. घेतलेल्या तासाचे मानधन मिळते. दोन तासांमधल्या रिकाम्या वेळाचे नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीचेही नाही. वर्गात पुढे उभा असलेला आणि मागच्या बाकावर पेंगणारा, दोघांच्या वहीत तोच रकाना! आपल्या घरातला मुलगा किंवा सून उद्या असे काम स्वीकारणार नाही, याची हमी आज कुठले कुटुंब देऊ शकेल?

मग आपण करायचे तरी काय? मागवणे बंद करा, असे मी म्हणत नाही. त्याने त्या मुलाची फी भरली जाणार नाही. घंटा वाजली की लगेच दार उघडावे. सोसायटीच्या लिफ्टवर ‘डिलिव्हरीवाल्यांना मनाई’ अशी पाटी असेल, तर पुढच्या सभेत ती काढायला लावावी. डोसा हॉटेलने उशिरा दिला असेल, तर त्याचा तारा पोचवणाऱ्याचा कापू नये. आणि कधी या मंडळींच्या मागण्यांची बातमी वाचनात आली, तर ‘आता तीळ महागणार’ म्हणून कपाळाला आठी घालू नये. तीळ चार पैशांनी महागले, तर ते चार पैसे दुकानाबाहेर वाट पाहत थांबलेल्या माणसाचे आहेत. आजवर ते आपण दिलेच नव्हते.