करकचून आवळणे म्हणजे उपचार नव्हे



‘ऑपरेशनशिवाय मोडलेले हाड जोडून मिळेल’ अशी आणखी एक पाटी या आठवड्यात चाकूरमध्ये विजेच्या खांबावर लागली. खाली मोबाइल नंबर आणि बसण्याचे वार. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, 1961 च्या कलम 33 नुसार नोंदणीशिवाय असा व्यवसाय करता येत नाही. मग हे भरचौकात चालते कसे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले लेकरू चिंचेवरून हातावर पडले, कोपराच्या वर हाड मोडले. हाड बसवणाऱ्याने हात ओढला, लेप थापला आणि बांबूच्या कामट्या लावून सुतळीने आवळले. लेकरू रात्रभर ओरडत होते. ‘हाड बसताना दुखतेच’ म्हणून घरचे त्याला गप्प करत होते. सकाळी बोटे काळीनिळी. लातूरला नेल्यावर हात वाचला, पण मूठ अजून पुरती उघडत नाही.

हाड मोडल्यावर सूज वाढत जाते. वरून आवळले की रक्त पोचत नाही आणि काही तासांतच स्नायू मरू लागतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी 1881 मध्येच हे लिहून ठेवले आहे आणि आपण 2000 साल उलटल्यावरही कामट्याच आवळतो आहोत!

आयाबायांनो, बोटे बघा. बांधल्यावर दुखणे कमी व्हायला हवे. ते वाढतच असेल, बोटे थंड, पांढरी किंवा बधिर असतील, दुसऱ्याने बोट सरळ करताच लेकरू किंचाळत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. बांधलेले लगेच सैल करा आणि दवाखाना गाठा. प्लास्टर घातले असेल तरी त्याच घडीला डॉक्टरांकडे न्या. हात मोडला तर ओढू नका, चोळू नका. आहे तसाच पुठ्ठ्याचा आधार देऊन 108 ला फोन लावा.

म्हाताऱ्या माणसांचेही तेच. न्हाणीत घसरलेल्या आजीचा पाय आखूड दिसतो, बाहेर वळतो, आणि आपण तेल चोळत बसतो! खुब्याचे हाड मोडले असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत व्हावी लागते.

लोक हौसेने हाड बसवणाऱ्याकडे जात नाहीत, खर्चाला भितात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत 5 लाखांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयात मोफत होतात, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्रीही एक्स-रे निघाला पाहिजे. लेकरे काय फक्त दिवसाच पडतात?

— एक वाचक, चाकूर, जि. लातूर