मन कोरडे पडते तेव्हा



वस्त्या-वस्त्यांतून फिरताना आम्हांला एक तक्रार वरचेवर ऐकू येते. वंदना होते, मेणबत्ती-अगरबत्ती लागते, पण आत काही हलत नाही. गाथा ओठांवर असतात आणि मन भलतीकडेच. कोणाच्या घरात मृत्यू झालेला असतो, कोणी चळवळीतल्या फाटाफुटीने थकलेला असतो, तर कोणाला कारणही सांगता येत नाही. हे बोलायची लाज वाटते. मग माणूस विहारात येणे कमी करतो. नेमक्या याच वेळी कोणीतरी एखाद्या बुवाचा पत्ता आणून देतो! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या अंधारातून आपल्याला बाहेर काढले, त्याच्याच उंबरठ्याशी मन पुन्हा घुटमळू लागते. म्हणून हा विषय क्षुल्लक नाही.

पहिली गोष्ट, कोरडेपणा हे पाप नव्हे. भगवान बुद्धांनी मनाचे पाच अडथळे सांगितले, त्यांना आपण पाच नीवरणे म्हणतो. त्यांत सुस्ती आहे, अस्वस्थता आहे आणि संशयही आहे. म्हणजे त्या काळच्या भिक्खूंनाही हाच त्रास होता.

सोण नावाच्या भिक्खूचेच पाहा. श्रीमंत घरचा मुलगा. राजगृहाजवळ साधना करताना चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले, तरी मनाला शांती मिळेना. परत घरी जावे, असे त्याला वाटू लागले. भगवंत त्याच्यावर रागावले नाहीत. गृहस्थ असताना तो उत्तम वीणा वाजवीत असे, म्हणून त्यांनी वीणेचाच दाखला दिला. तार फार ताणली तर सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. मनाचेही तसेच. आपल्या गायन पार्टीतल्या कोणाही कलावंताला हे चटकन पटेल.

मग तार जुळवायची कशी? आमचा अनुभव असा की, अशा दिवसांत ग्रंथ थोडा वाचावा, पण रोज वाचावा. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याची रचनाच छोट्या-छोट्या क्रमांकित परिच्छेदांची आहे. रात्रीची भांडी आवरल्यावर पाच परिच्छेद वाचणे कोणत्याही भगिनीला जमण्यासारखे आहे. धम्मपदात २६ वर्ग आणि ४२३ गाथा आहेत. दिवसाला एक गाथा अर्थासह वाचली तरी सव्वा वर्षाच्या आत ग्रंथ पुरा होतो. मन लागले नाही तरी वाचावे. आज कोरडी वाटलेली ओळ पुढे अडचणीच्या दिवशी आपसूक आठवते.

ग्रंथ चमत्कार करणार नाही, हेही ध्यानात असू द्या. तथागत मार्ग दाखविणारे आहेत, नवसाला पावणारे नाहीत. किसा गोतमी मेलेले बाळ घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला खोटी आशा दाखविली नाही. ज्या घरी कोणी मेले नाही, तेथून मोहरी आणायला सांगितले. दारोदार फिरताना तिला कळले की, हे दुःख आपल्या एकटीचे नाही. धम्माचे सांत्वन असे सत्याच्या वाटेने येते.

म्हणूनच वाचन शक्यतो एकट्याने करू नये. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारोविहारी ग्रंथवाचन चालते. तेथे मागे बसून नुसते ऐकले तरी चालेल. घरात मुलाला वाचायला सांगावे, आजीने ऐकावे. आणि झोप, जेवण उडून आठवडेच्या आठवडे जात असतील, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे. त्यात कमीपणा नाही.

एखादा उपासक महिनाभर विहारात दिसला नाही, तर त्याच्या नावाने कुजबुज करू नका. ग्रंथ काखेत घ्या आणि त्याच्या घरी जा. उपदेश नको, एक पान वाचा आणि चहा घेऊन या.

नमो बुद्धाय! जय भीम!