वर नाही, खाली बघा!

दोस्तांनो, गळ्यावरच्या घाटीवर हलकेच बोट ठेवा आणि आवंढा गिळा. घाटी टुणकन वर गेली ना? त्याच क्षणी तुमचा श्वास थांबला, श्वासनलिकेवर झाकण पडलं आणि लाळ मागच्या अन्ननलिकेत उतरली. तीसेक स्नायूंचं हे काम. आपल्याला पत्ताही नसतो!

परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावर पिंगळी आहे, तिथे माझी आत्या राहते. तिच्या सासऱ्यांना, आबांना, अर्धांगवायू झाला. हात-पाय लुळे पडलेले सगळ्यांना दिसले. घसाही मंदावलाय, हे कुणाला दिसणार? नातू बिचारा त्यांना झोपल्या झोपल्याच पाणी पाजायचा. ठसका लागला की सगळे ओरडायचे, "आबा, वर बघा, वर बघा!" मग एकदा ताप चढला. पाणी फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झाला होता. कधी कधी तर ठसकाही लागत नाही, नुसता आवाज ओलसर, घोगरा होतो. ते जास्त वाईट.

परभणीच्या दवाखान्यात वाचा-उपचार करणाऱ्या ताई भेटल्या. बोलायला शिकवणाऱ्या ताई गिळायला कशा शिकवणार? अहो, जीभ, ओठ, घसा दोन्हीकडे तेच की! त्यांनी आबांना तपासलं, ताठ बसवलं. "वर नाही, खाली बघा. हनुवटी छातीकडे. आता गिळा. परत एकदा गिळा." मान वर केली की श्वासनलिकेची वाट उघडते, खाली घेतली की अरुंद होते. (हे सगळ्याच पेशंटना चालत नाही हं, तपासूनच ठरवतात.)

पाणी पातळ, त्यामुळे झाकण पडायच्या आत घशात पोचतं. म्हणून आबांना दाट, बिनगुठळीची आंबील, चमच्याचमच्याने. दाटपणा मोजतातही! ठरावीक मापाच्या, बिनसुईच्या सिरिंजमध्ये १० मिलिलिटर भरायचं, १० सेकंद धार सोडायची, किती उरलं ते बघायचं. वरणात कुस्करलेली भाकरी मात्र बंद, कारण वरण पुढे पळतं नि तुकडे मागे राहतात. जेवल्यावर अर्धा तास बसून राहायचं. आणि रोज तोंड स्वच्छ करायचं, नाहीतर तिथले जंतूही लाळेबरोबर फुप्फुसात जातात. आत्याला हे पटेना. "दात पाच उरलेत, घासायचं काय?"

आबा आंबिलीला पार कंटाळले. "पाणी द्या रे," एवढंच म्हणायचे. तीन महिन्यांनी ताईंनी पुन्हा तपासून पाच चमचे साध्या पाण्याला परवानगी दिली. नातवाने माठातलं पाणी आणलं. आबांनी हनुवटी खाली घेतली, आणि आम्ही सगळे त्यांच्या घाटीकडे बघत बसलो.